अंगणातील प्रयोगशाळा

पावसाळ्याच्या आरंभी अंगणात साचलेल्या डबक्यापाशी चार वर्षांचे मूल बसलेले असते. हाताला लागेल ते ते त्यात टाकीत असते. चिंचोका बुडतो, वाळलेली काडी तरंगते, खडा बुडतो, आईची रबरी चप्पल तरंगते. मूल चप्पल बाहेर काढते, पुन्हा टाकते, दाबून पाहते. एवढ्यात घरातून हाक येते, पाठीत एक धपाटा बसतो आणि चप्पल उंबऱ्यावर वाळत पडते. घरोघरी दरवर्षी घडणाऱ्या या प्रसंगात कोणालाच काही वावगे वाटत नाही. परंतु त्या बालकाने तेवढ्या अवधीत मनाशी एक अंदाज बांधला होता, तो पडताळून पाहिला होता आणि एकदा पडताळल्यावर न थांबता पुन्हा पडताळला होता. पुढे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जे कष्टाने शिकवावे लागते, ते तीन ते सहा या वयातील मूल कोणी न शिकविता करीत असते. ते त्याने पुढेही करीत राहावे अशी व्यवस्था आपल्या बालवाड्यांतून व अंगणवाड्यांतून आहे काय, हा खरा विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे.

‘विज्ञान’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या, सूक्ष्मदर्शक आणि सूत्रे येतात. त्यामुळे बालवाडीत विज्ञान म्हटले की एक तर हसू येते किंवा उत्साहाच्या भरात काही भलतेच केले जाते. भिंतीवर ग्रहमालेचा तक्ता टांगून चार वर्षांच्या मुलांकडून ग्रहांची नावे ओळीने म्हणवून घेणे, पालकांनी रात्रभर जागून पुठ्ठ्याचा ज्वालामुखी करून देणे आणि प्रदर्शनात मुलाला त्याच्यामागे उभे करणे, हे प्रकार शहरांतील शिशुवर्गांत सर्रास आढळतात. यात पाठांतर आहे, पालकांची हौस आहे. विज्ञान मात्र नाही. ज्या गोष्टीला हात लावता येत नाही, जी उलटीसुलटी करून पाहता येत नाही, ती या वयातील मुलाच्या दृष्टीने केवळ एक शब्द असतो.

कोसबादच्या टेकडीवर

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत आपले बालगृह उघडले आणि मूल इंद्रियांच्या द्वारे शिकते हे जगापुढे मांडले. भारतात भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी त्या विचाराला देशी रूप दिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण भागासाठी बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ (१९१०–१९९२) होत्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले.

तेथे त्यांच्यापुढे उभी राहिलेली अडचण अत्यंत व्यावहारिक होती. माँटेसरी पद्धतीची साधने महाग, लाकडी, शहरी कारागिरांनी बनविलेली. ती खेड्यातील बालवाडीला परवडणार कशी? ताराबाई व अनुताई यांनी त्यावर काढलेला मार्ग आज साधा वाटतो. त्या काळी तो धाडसाचा होता. शंख, शिंपले, गोटे, बिया, पाने, फुले, माती, बांबूचे तुकडे, म्हणजे जे परिसरात विनामूल्य मिळते तेच त्यांनी शिक्षणाचे साधन बनविले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना येथे रुजली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर गेली आणि तिला ‘कुरणशाळा’ असे नाव मिळाले.

या प्रयोगाचे मर्म केवळ काटकसरीत नव्हते. वारली मूल चार-पाच वर्षांचे होईतो कितीतरी झाडे ओळखते, खेकडा कोणत्या बिळात असेल हे सांगते, पाऊस येणार असल्याची चिन्हे जाणते. शहरी साधने हातात आली की तेच मूल अडाणी ठरते; परिसरातील साधने हातात आली की ते जाणकार ठरते. शिकविणाऱ्याने कोणती वस्तू पुढे ठेवली यावर मुलाची हुशारी अवलंबून राहावी, ही बाब आजच्या प्रत्येक अंगणवाडी सेविकेने लक्षात घेण्यासारखी आहे. भाषेचेही तसेच. मूल आपल्या बोलीत पक्ष्याचे जे नाव सांगते ते चुकीचे नसते. ते नाव आधी स्वीकारावे, प्रमाण भाषेतील नाव त्याच्या जोडीला यथावकाश येतेच.

योजना आणि वस्तुस्थिती

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, माता व किशोरींसाठी पोषण व आरोग्यविषयक शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तीत अंतर्भूत आहेत. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पाच वर्षांचा ‘पायाभूत स्तर’ मानून पूर्वप्राथमिक शिक्षणाला औपचारिक रचनेत प्रथमच स्थान दिले. त्याआधी, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले होते. धोरण व घटना या दोहोंचा आधार असल्याने कागदोपत्री उणीव नाही.

तथापि सहा सेवांपैकी सहावी सेवा बहुधा अखेरीलाच येते हे मान्य केले पाहिजे. आहार वेळेवर शिजला पाहिजे, वजने घेतली पाहिजेत, नोंदवह्या भरल्या पाहिजेत, आणि २०२१ पासून भ्रमणध्वनीवरील पोषण ट्रॅकरमध्येही माहिती भरली पाहिजे. या सर्वांतून उरलेल्या वेळात सेविका मुलांना गोलाकार बसवून गाणी म्हणवून घेते, तर तिला दोष देणे अन्यायाचे होईल. म्हणूनच येथे सुचविलेल्या गोष्टींसाठी वेगळा तास लागू नये, वेगळा खर्च लागू नये, ही अट आरंभीच पाळली आहे. हात धुण्याच्या वेळी पाणी असते, खिचडीच्या वेळी डाळ असते आणि अंगणात ऊन तर फुकटच असते.

पाणी, ताक आणि मुलांचा तर्क

पसरट घमेल्यात चार बोटे पाणी घ्यावे. काड्या, खडे, पाने, बाटलीचे झाकण, लोखंडी खिळा, सोललेला नारळ, स्टीलची वाटी अशा वस्तू जवळ ठेवाव्यात. वस्तू पाण्यात सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाला विचारावे, “काय होईल? बुडेल की तरंगेल?” हा प्रश्न आधी विचारणे सर्वांत महत्त्वाचे. वस्तू सोडल्यावर नुसते पाहणे ही करमणूक ठरते. आधी अंदाज सांगून मग पाहणे हा प्रयोग ठरतो.

मुले प्रारंभी ‘जड ते बुडते’ असा नियम सांगतात. तो नियम मोडण्याचे काम सेविकेने करू नये, वस्तूंनी करावे. जड नारळ तरंगतो आणि हलका खिळा बुडतो, हे पाहून मुले गप्प होतात. मग एखादे मूल म्हणते, “नारळ मोठा आहे म्हणून.” ठीक आहे, मोठा दगड आणावा. तो बुडतो. आता वाटी. ती अलगद ठेवली तर तरंगते, पाण्याने भरली तर बुडते. एकच वाटी दोन्ही गोष्टी करते, हे पाहून पाच वर्षांची मुले अक्षरशः घमेल्याभोवतीची जागा सोडीत नाहीत. येथे घनतेचे स्पष्टीकरण देण्याचा मोह टाळावा. त्या वयात ते कळणार नाही आणि कळल्यासारखे दाखविण्याची सवय मात्र लागेल. आपला नियम पुरेसा नाही एवढे मुलाच्या ध्यानात आले की त्या दिवसाचे काम झाले.

ताकाचे उदाहरण तर प्रत्येक घरात आहे. दोन भावंडांना सारख्या पेल्यांत सारखे ताक द्यावे, दोघेही समाधानी. मग एकाचे ताक उंच, निमुळत्या पेल्यात ओतावे. लगेच दुसरे रडू लागते, “त्याला जास्त!” आपल्या डोळ्यांदेखत ओतले हे ठाऊक असूनही ते रडते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ प्याजे (१८९६–१९८०) यांनी मुलांच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास करताना नेमका हाच प्रयोग केला होता. साधारणतः सहा-सात वर्षांपूर्वीचे मूल एका वेळी एकाच बाजूकडे लक्ष देते; उंची वाढली हे त्याला दिसते, रुंदी घटली हे दिसत नाही. ते हट्टी नसते आणि मंदबुद्धीही नसते. त्याला रागे भरून किंवा दहा वेळा समजावून हा टप्पा ओलांडता येत नाही. मात्र ओतणे, मोजणे, परत ओतणे यांचा भरपूर अनुभव मिळालेल्या मुलाजवळ पुढे विचार करण्यासाठी काहीतरी शिल्लक असते. अंगणवाडीत दोन-तीन आकारांची भांडी आणि एक वाटी एवढे साहित्य यासाठी पुरते.

अंधारातील मूग

बियांचा प्रयोग बहुतेक सेविकांना परिचित आहे, पण तो बहुधा अर्ध्यावर सोडला जातो. मूग भिजवले, मोड आले, मुलांनी टाळ्या वाजविल्या, संपले. खरी गंमत त्यानंतर आहे.

काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन बरण्यांत आतून ओले फडके लावून फडके व बरणी यांच्यामध्ये मूग, वाल किंवा मका अडकवावा. मूळ खाली जाते, कोंब वर येतो, हे बाहेरून दिसते. मूळ बोटभर झाल्यावर बरणी आडवी करून ठेवावी. एक-दोन दिवसांत मूळ वळून पुन्हा खालीच निघते. “त्याला खाली कुठे आहे हे कसे कळते?” हा प्रश्न मुले विचारतात. याचे उत्तर सेविकेला देता आले नाही तरी बिघडत नाही. “मलाही ठाऊक नाही, आणखी एकदा बरणी फिरवून पाहू या,” हे उत्तर या वयात सर्वोत्तम होय.

आता एक बरणी उजेडात आणि दुसरी कपाटात किंवा रिकाम्या डब्याखाली ठेवावी. पाणी दोन्हींना सारखे द्यावे. आठवड्याने पाहिले असता अंधारातील रोप अधिक उंच झालेले आढळते. मुले ठामपणे सांगतात की, अंधारातले चांगले वाढले. येथे सेविकेची परीक्षा असते. “छे, झाडाला सूर्यप्रकाश लागतो,” असे तिने सांगितले तर मुले मान डोलावतील आणि आपल्या डोळ्यांवरचा विश्वास गमावतील. कारण उंच रोप त्यांनी खरोखरच पाहिलेले आहे. तिने फक्त दोन्ही बरण्या शेजारी ठेवून विचारावे, “आणखी काय वेगळे दिसते?” मग कोणी तरी सांगते, हे पिवळे आहे, हे बारीक आहे, हे वाकले आहे. बरण्या आणखी आठ-दहा दिवस तशाच राहू द्याव्यात. अंधारातील रोप माना टाकते. उजेडाच्या शोधात उंच होण्यासाठी त्याने बियाण्यातील साठा खर्चून टाकलेला असतो आणि उजेडाविना नवे अन्न तयार होत नाही. मुलांना हे कारण सांगण्याची घाई नाही. प्रारंभी जे चांगले वाटले ते शेवटी तसे निघाले नाही, आणि थांबून पाहिल्यामुळेच ते कळले, हा अनुभव त्यांना मिळाला आहे.

सावलीसाठी तर बरणीही लागत नाही. अंगणात एक जागा ठरवून सकाळी एका मुलाला उभे करावे व त्याच्या सावलीच्या टोकाशी गेरूने किंवा कोळशाने रेघ ओढावी. घरी जाताना त्याच जागी तेच मूल उभे करावे. सावली आखडलेली व सरकलेली असते. पहिल्या दिवशी मुलांचा समज असा होतो की, रेघ काढण्यात ताईंचीच काही चूक झाली. आरोप सहन करून दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघ काढावी. महाराष्ट्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने वर्षातून दोनदा भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. राज्याच्या बहुतेक भागांत यांपैकी पहिला दिवस मे महिन्यात येतो. अंगणवाडीत त्या वेळी मुले असोत वा नसोत, घरच्या अंगणात आजोबांची काठी उभी करून हा चमत्कार कोणालाही दाखविता येईल.

कढीपत्त्याच्या झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी बारीक अळी सापडते. पुढे ती हिरवी होते. लिंबाच्या व कढीपत्त्याच्या पानांवर वाढणाऱ्या फुलपाखराची ती अळी होय. फांदीसह ती जाळीच्या झाकणाखाली ठेवून रोज ताजी पाने दिल्यास काही दिवसांत तिचा कोश होतो व पुढे त्यातून फुलपाखरू बाहेर येते. किडा दिसला की चिरडायचा, ही शिकवण घरी फार लवकर मिळते. तिला हा एक चांगला उतारा आहे. फुलपाखराचे पंख वाळल्यावर त्याला मुलांच्या हस्ते सोडून द्यावे.

प्रश्न कसा विचारावा

“हे काय आहे?” या प्रश्नाला एकच उत्तर असते, आणि ते ज्याला येते तो हुशार व ज्याला येत नाही तो मुका ठरतो. “तुला काय दिसले?”, “आता काय होईल?”, “पुन्हा केले तर तसेच होईल का?” या प्रश्नांना प्रत्येक मुलाजवळ उत्तर असते. एरवी न बोलणारी मुले अशा वेळी बोलतात, असा अनेक सेविकांचा अनुभव आहे. उत्तर ऐकल्यावर लगेच ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणू नये. उत्तर वस्तूकडून मिळू द्यावे. लिहिता न येणाऱ्या मुलांनाही नोंद ठेवता येते: तरंगणाऱ्या वस्तूसाठी एका वाटीत चिंचोका, बुडणाऱ्या वस्तूसाठी दुसऱ्या वाटीत खडा, किंवा रोप रोज दोऱ्याने मोजून ते दोरे भिंतीवर ओळीने चिकटवावेत. पंधरा दिवसांच्या दोऱ्यांची ती ओळ म्हणजे मुलांनी स्वतः काढलेला पहिला आलेखच होय.

काही दक्षता मात्र अवश्य घ्यावयास हवी. लहान मुले वस्तू तोंडात, नाकात, कानात घालतात. म्हणून बिया व खडे मोजून द्यावेत व मोजून परत घ्यावेत. त्यांच्याबरोबर तीन वर्षांखालील भावंड आलेले असेल तर ही साधने त्याच्या हाती लागू देऊ नयेत. पाण्याचे घमेले मुलांजवळ क्षणभरही देखरेखीविना ठेवू नये आणि खेळ संपताच ओतून टाकावे. खेळण्यांतील बारीक, शक्तिमान चुंबके व बटणासारख्या विद्युतघटांपासून मुलांना पूर्णतः दूर ठेवावे. पोटात गेल्यास ती आतड्यांना गंभीर इजा करतात. परिसरातून बिया गोळा करताना एरंड, मोगली एरंड, धोतरा, कण्हेर व गुंज यांना हात लावू देऊ नये. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले त्या खातात आणि त्यामुळे विषबाधेचे प्रकार घडतात. ही झाडे अंगणवाडीच्या कुंपणाला असतील तर ती काढून टाकणे इष्ट. माती व पाणी हाताळल्यानंतर साबणाने हात धुणे तर ओघाने आलेच.

लिहायला कधी शिकविणार?

या सर्वांत मोठा अडथळा साहित्याचा किंवा वेळेचाही नाही. तो पालकांच्या अपेक्षेचा आहे. “आमचे मूल वर्षभर येते, अजून एक अक्षर लिहीत नाही, नुसते पाण्यात खेळते,” ही तक्रार सेविकेला दर महिन्याला ऐकावी लागते. शेजारच्या खाजगी शिशुवर्गातील मूल इंग्रजी मुळाक्षरे घडाघडा म्हणून दाखविते, तेव्हा ती तक्रार अधिक तीव्र होते. पुष्कळदा मोलमजुरी करणारे आईबाप पोटाला चिमटा घेऊन शुल्क भरतात व मूल तिकडे नेतात. तेथे चार वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन पानेच्या पाने गिरवून घेतली जातात. बोटांचे स्नायू अद्याप तयार नसलेल्या मुलाला याचा शीण येतो, आणि ज्या वयात त्याचे प्रश्न सर्वाधिक असतात त्याच वयात ते गप्प बसण्यास शिकते. पालकांची इच्छा मात्र खोटी नाही. आपल्या वाट्याला जे आले ते मुलाच्या वाट्याला येऊ नये, एवढेच त्यांना हवे असते. त्यांना व्याख्यान देऊन उपयोग नाही.

त्याऐवजी महिन्याच्या मातासभेत आहाराचे व लसीकरणाचे विषय संपले की घमेले मध्ये ठेवावे. शेजारी नारळ, खिळा, लिंबू आणि वाटी. मुलांना मागे बसवून या वेळी मातांना विचारावे, “काय होईल?” अंदाज चुकला की मागून मुले हसतात, कारण त्यांना ते आधीपासून ठाऊक असते. आपल्या मुलाने आपल्याला काही सांगावे व ते खरे निघावे, हा अनुभव बहुतेक मातांना नवा असतो. “वाटी का गं तरंगली?” असे त्या मुलालाच विचारतात. पहिली वाटी सेविकेने सोडलेली असते. दुसरी सोडण्यासाठी तिला सहसा कोणाला सांगावे लागत नाही.